लेकरू काय ऊस आहे का?

दिवाळीत नातीसाठी गाडीत सीट बसवली. राहुरीचे व्याही दार उघडून बघतच राहिले. पट्टा हातात धरून म्हणाले, "काय पाव्हणं, लेकरू काय ऊस आहे का आवळून न्यायला?"

खरं तर व्याह्यांनी माझाच मुद्दा मांडला. आपल्या नगर जिल्ह्यात ऊस आवळल्याशिवाय ट्रॉली कारखान्याकडे हलत नाही. कांद्याच्या गोण्यांना दोर असतो, दुधाच्या कॅनलाही असतो. सुटी जातात ती लेकरं. कुणी पुढच्या दोन सीटांच्या मधे उभं, कुणी सनरूफमधून मान काढून, तर कुणी स्टिअरिंगमागे बापाच्या मांडीवर.

व्याह्यांचं म्हणणं, आईच्या मांडीसारखी जागा नाही. मायेपुरतं कबूल. पण ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. गाडी आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर 10 किलोचं लेकरू धरून ठेवायला 140 किलोचा जोर लागतो. सिमेंटची जवळजवळ तीन पोती! नगरच्या व्हीआरडीईत, जिथं गाड्यांच्या चाचण्या होतात, तिथं कुणी ओळखीचं असेल तर हिशोब पडताळून घ्या. त्यात आईनं स्वतः पट्टा लावलेला नसला, तर तिचंच वजन लेकरावर येतं.

हा मांडीचा वाद काही राहुरीत जन्मलेला नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1978 साली लहान मुलांच्या सीटचा कायदा लागू झाला, तेव्हा मोठ्यांनी हातात धरलेल्या बाळाला त्यात सूट ठेवली होती. कायद्यासाठी झगडणारे त्या सवलतीला 'लेकरं चिरडणारी दुरुस्ती' म्हणत. 1981 मध्ये ती काढून टाकावी लागली.

"गाडीला सहा एअरबॅग आहेत की!" आहेत, पण मोठ्या माणसाच्या मापाच्या, त्याही पट्टा लावलेल्या. डिसेंबर 2024 मध्ये वाशीला अपघातात एअरबॅग उघडली आणि पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा गेला. लेकराची जागा मागेच.

"आम्ही असेच वाढलो" म्हणणारे वाढले एसटीत. त्या काळी गावात मोटारी होत्या किती? राहिलं "इथल्या इथं तर जायचं". नगर-मनमाड रस्त्यावर खड्डा चुकवताना कचकन ब्रेक लागतो. गाळपाच्या दिवसांत मागे दिवा नसलेली डबल ट्रॉली अंधारात एकदम समोर उभी राहते. आणि कोपरगावला समृद्धीवर चढलं, की काटा 120 वर.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद 2019 पासून आहे. कलम 194-ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याची सीट नसेल, तर 1,000 रुपये दंड. पण नाक्यावर कुणी मागच्या सीटवर डोकावल्याचं मी पाहिलेलं नाही. सीट सहा-सात हजारांपासून मिळते. अलॉय चाकं घेणाऱ्यानं महागाईचं रडगाणं गाऊ नये. वडापच्या जीपमधून लेकरू नेणाऱ्या बाईला मात्र हे ऐकवायचा मला अधिकार नाही.

सीट नुसती घेऊनही भागत नाही. दुकानदारानं आमची सीट तोंड पुढे करून बसवून दिली होती, आणि नात दहा महिन्यांची! या वयात तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं. लहान लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी. धडकेत झटका मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरायला हवा. शेवटी माहितीपुस्तिका उघडून मीच ती उलटी केली. आता निघण्याआधी खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघतो. चिमटीत घडी आली, तर सैल आहे. थंडीत जाड स्वेटर आधी काढायचा, पट्टा लावून झाला की वरून शाल.

लेकरू रडतं, हा आक्षेप खरा. पहिल्या फेरीला नात विळद घाटापासून वांबोरी फाट्यापर्यंत रडली. सूनबाई दोनदा म्हणाली, "घेऊ का हो मांडीवर?" मी गाडी बाजूला घेतली, नातीला पाजलं, फिरवलं, पुन्हा सीटवर. चौथ्या फेरीला ती देहऱ्यालाच झोपली. राहुरीत व्याह्यांनी तिला उचलायला हात घातला आणि लाल बटण काही त्यांना दाबता येईना. "लई घट्ट बांधलंय हो," ते म्हणाले, आणि वाकून नीट बघू लागले.