पुलापलीकडचा दरबार

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच पगडी उभी राहते, आणि ते साहजिकही आहे. पण मराठीला आणखी एक टिळक लाभले आणि त्यांचे बालपणाचे चार पावसाळे आपल्या कल्याणात गेले, हे किती कल्याणकरांना ठाऊक असेल कोण जाणे! 'केवढे हे क्रौर्य' ही कविता शाळेत पाठ करताना ज्यांचा गळा दाटून आला असेल, त्यांना नारायण वामन टिळक हे नाव नक्की आठवेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेला हा मुलगा १८६९ ते १८७३ या काळात कल्याणच्या शाळेत शिकला. गावात आगगाडी येऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. पुढे नाशिकला त्याने संस्कृतचे अध्ययन केले, कीर्तने केली, कविता लिहिल्या, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेऊन हा चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती झाला.

एवढी हकीकत बहुतेकांना माहीत असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, याच टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. ते साताऱ्याला गेले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' नावाची एक मंडळी त्यांनी काढली. ख्रिस्ताला आपला गुरू मानणाऱ्या कोणालाही या दरबारात जागा होती, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्याने स्वतः बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, आप्त सगळे पणाला लावले होते, तोच माणूस आता म्हणत होता की बाप्तिस्म्यावाचूनही चालेल. असे का व्हावे?

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या एका कवीपुरता राहिलेला नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या कोणत्याही सोसायटीत रविवारी सकाळी पाहावे. एका घरातली मंडळी प्रार्थनेला निघालेली असतात आणि कॉलेजातला मुलगा पांघरुणातूनच सांगतो, 'मी येत नाही, मला देव कळायला चर्च लागत नाही.' समोरच्या ब्लॉकमध्ये हाच संवाद सत्यनारायणाच्या पूजेवरून चाललेला असतो. आईबापांना वाटते, पोरगे हातचे गेले. पोराला वाटते, यांना काही कळत नाही. दोघांपैकी कोणालाच कल्पना नसते की हा वाद आपल्या भाषेत फार मोठ्या माणसांनी, फार मोठी किंमत देऊन घातलेला आहे.

आणि कल्याणला तर ख्रिस्ती धर्मसंस्था ही काही इंग्रजांबरोबर आलेली गोष्ट नव्हे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'कॅलिआना' या बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. १९८८ साली केरळच्या सिरो-मलबार चर्चने महाराष्ट्रातल्या आपल्या लोकांसाठी धर्मप्रांत स्थापला, तेव्हा त्याला कल्याणचे नाव दिले ते या जुन्या आठवणीमुळेच. गादी मुंबईत आणि नाव कल्याणचे! बिशप, गादी, नेमणूक, धर्मप्रांत हे शब्द या गावाच्या इतिहासात दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन बसलेले आहेत. त्या गावच्या शाळेतून बाहेर पडलेल्या एका मुलाने शेवटी यातला कुठलाच शब्द नसलेली मंडळी उभी करावी, याचे मला कौतुक वाटते.

टिळकांचा स्वभाव मुळातच बाहेरच्या कोणाचा शब्द प्रमाण न मानण्याचा होता. ख्रिस्ती होण्यापूर्वीच त्यांच्या मनात आपणच एक नवा धर्म काढावा असे घोळत होते आणि त्याची तत्त्वेही त्यांनी मनाशी बांधून ठेवली होती. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. त्यांनी टिळकांच्या हाती बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक उघडले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते अडकले. आपण जे शोधत होतो ते हेच, असे त्यांना वाटले. म्हणजे कसोटी आधी आत तयार होती, पुस्तक तिला उतरले. पुढे आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकायचा असतो असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांनी ख्रिस्ती भजने अभंगात लिहिली, ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. १९०४ साली ते दीक्षित पाळक झाले, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक झाले. संस्थेने जे काही द्यायचे ते त्यांना दिले होते. तरीही त्यांना तिथे राहवेना.

टिळकांच्याही आधी हा झगडा पंडिता रमाबाईंनी केला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचे वाद सुरू झाले. त्रैक्य म्हणजे काय, चर्चची आज्ञा कुठवर पाळायची, कुणाला काय शिकवायचे. बाईंनी एका पत्रात स्पष्टच कळवले की हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच मोठ्या कष्टाने सुटले आहे, तेव्हा तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची माझी तूर्त तयारी नाही. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी त्यांना असे जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. हे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. धर्मांतर केलेल्या माणसाने असे लिहिणे किती अवघड! इकडचे म्हणणार, बघा, फसली. तिकडचे म्हणणार, कृतघ्न. बाईंनी दोघांचीही पर्वा केली नाही.

युरोपातही तो काळ अशाच प्रश्नांचा होता. टॉलस्टॉयने देवाचे राज्य माणसाच्या आतच आहे असे प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला, तो १८९४ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला, कारण रशियात त्याला बंदी होती. १९०१ साली रशियन चर्चने टॉलस्टॉयला बहिष्कृत केले. आपल्याकडे टिळकांना कोणी बहिष्कृत केले नाही. आधी ब्राह्मणांनी ते काम उरकून घेतले होते.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख केवळ गौरवाचा होईल, आणि ते मला नको आहे. टिळकांनी आपले सत्य आपल्या आत शोधले खरे, पण ते सापडल्यावर त्याचे बिल दुसऱ्याच कुणाला भरावे लागले. ज्या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांची पत्नी जवळ नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी लक्ष्मीबाईंवर येऊन कोसळली. पदरी लहान मुलगा, नवरा असून नसल्यासारखा, आणि भोवती समजूत घालणारे शंभरजण. पुढची वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. काही काळ तर त्या पंढरपुरात होत्या. नवरा ख्रिस्ताच्या पायाशी आणि बायको विठोबाच्या गावात! 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना या दिवसांचे वर्णन विसरता येणार नाही. बाई रडतात, आजारी पडतात, पण स्वतःवर हसायचेही सोडत नाहीत.

'मला माझे सत्य सापडले' असे म्हणणारा माणूस घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याचे सत्य शोधायला किती वेळ देतो, यावरून मी त्याची परीक्षा करीन. या परीक्षेत १८९५ चे टिळक नापास झाले असे मला वाटते. पण पुढच्या पाच वर्षांत ते काही शिकले. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, पत्रे पाठवणे थांबवले नाही. लक्ष्मीबाई परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, नवऱ्याजवळ राहण्यासाठी. त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. एकाच संसारात एक ख्रिस्ती आणि एक कर्मठ हिंदू, पाणी वेगळे, चूल वेगळी. मग राहुरीला असताना केव्हातरी त्यांच्याच मनाने घेतले की जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या. त्या विचारासरशी त्यांनी सोवळे सोडले. तिथे ना पाद्री होता ना प्रवचन. बाई एकट्याच विचार करत बसल्या होत्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

'देवाच्या दरबारा'ची कल्पना टिळकांना कशी सुचली याची कारणे अभ्यासक पुष्कळ देतात. परदेशी मिशनऱ्यांच्या हातातली सत्ता, पगारी धर्मप्रचाराचा वीट, स्वदेशीचे वारे, संतांच्या फडांचा आदर्श. ती सगळी खरी असतील. त्यांत मी माझ्यापुरते एक कारण घालतो. घरात बाप्तिस्मा न घेतलेली, तरी देवाच्या अधिक जवळ असलेली एक बाई काही काळ वावरत होती, आणि टिळकांना ते दिसत होते. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. बालकवी हिंदूच राहिले. दरबार साताऱ्यात निघण्याच्या कितीतरी आधी तो या घरात भरत होता.

तो टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले, म्हणजे दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत, आणि त्यांच्यामागे तो विरून गेला. मिशन मात्र राहिले. त्याच्या शाळा राहिल्या, दवाखाने राहिले. आतला आवाज ऐकणाऱ्यांनी संस्थेला नावे ठेवावीत, पण दुष्काळात धान्य आतल्या आवाजाने येत नाही. रमाबाईंना हे पक्के ठाऊक होते. पुरोहिताचे जोखड नाकारणाऱ्या याच बाईने दुष्काळात रस्त्यावर आलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्तिसदनासारखी मोठी संस्था उभी केली आणि ती शिस्तीने चालवली. अखेरपर्यंत बायबलचे भाषांतर त्या स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून करीत राहिल्या. खेड्यातल्या बाईला ते पुस्तक मधल्या माणसावाचून वाचता यावे, एवढी सोपी मराठी त्यांना हवी होती. संस्था आणि अंतरीचा शोध यांचे वैर असलेच पाहिजे असे त्यांच्या आयुष्याकडे पाहून तरी म्हणवत नाही. वाद आहे तो संस्थेने माणसाच्या वतीने उत्तर देण्याचा.

तेव्हा पांघरुणातल्या त्या मुलाला उठवायचे की नाही? माझ्या मते एकदा विचारून पाहावे, की बाबा रे, चर्च नको तर काय हवे, आणि ते शोधायला तू किती वाजता उठतोस? टिळक रात्र रात्र जागत. आणि त्याच्या आईवडिलांनाही विचारावे की मुलगा बरोबर आला नाही याचे दुःख अधिक आहे की शेजाऱ्यांनी पाहिले याचे.

टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य दहा-बारा अध्यायांवर अडले होते. ते पुरे करा असे लक्ष्मीबाईंना ना कोणा मिशनने सांगितले, ना कोणा पाळकाने. ज्या बाईला नवऱ्याने संसाराच्या धबडग्यात कशीबशी अक्षरे गिरवायला लावली होती, जिची शाळा कधी झालीच नाही, तिने उतारवयात लेखणी घेतली आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्या वारल्या. ग्रंथ छापून आला तो त्यानंतर, १९३८ साली.