लोंबीवरची 'लक्ष्मी'

मढच्या खाचरांत इंद्रायणी पिकायला लागलीय. काही लोंब्यांत दाण्याच्या जागी पिवळीधमक, मखमली गोळी दिसते. हात लावला की बोटाला हळदीगत पूड लागते. आमची आजी म्हणायची, "लक्ष्मी आलीय रं, तोडू नको." देशात बऱ्याच ठिकाणी हिला लक्ष्मी रोगच म्हणतात.

खरं तर ही बुरशी. शेतकी नाव आभासमय काजळी. भात पोटरीत-फुलोऱ्यात असताना झड लागली, हवा दमट राहिली की ती दाणा धरते. पुढं गोळी हिरवट-काळी पडते.

पण आजीला मी खुळी म्हणणार नाही. ज्या पावसानं बुरशी यायची, त्याच पावसानं पीकही पोसायचं. बरकतीच्या साली गोळ्या दिसायच्या, म्हणून तिनं खूण धरली. बघणं खरं होतं, अर्थ चुकला. आता तर युरिया जास्त झाला तरी ती वाढते. मग ही देवाची खूण कशी? आपल्याच हाताची.

गोळी दिसल्यावर फवारून उपयोग नाही, वेळ पोटरीतच असते. आता सकाळी दव असताना रोगट लोंब्या हळूच पिशवीत कापून घ्या, जाळून टाका. त्या खाचरातलं बी ठेवू नका. पुढच्या पेरणीला 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून बी बुडवा, तरंगेल ते काढा, राहिलेलं चांगल्या पाण्यानं धुवा.

हात जोडायचे तर जोडा. पण लक्ष्मी म्हणून बियाण्यात बुरशी भरू नका.