गळा गोळीने तापत नाही!

गणपती-नवरात्र जवळ आलं, की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला संवाद होतो.

"डॉक्टर, परवा कार्यक्रम आहे. आवाज मोकळा लागत नाहीये. काहीतरी स्ट्राँग द्या."

"गाण्याआधी गळा तापवता का?"

"हो तर! ज्येष्ठमध तोंडात असतंच. आलं-मध घेते. स्टेजवर जायच्या आधी गरम पाणी पिते."

याला गळा तापवणं म्हणत नाहीत. काही वाचकांना राग येईल, पण स्पष्टच सांगतो. गाण्याआधी तुम्ही काय चघळलंत याला फारसं महत्त्व नाही. दहा मिनिटं गुणगुणलात की नाही, याला आहे.

गिळलेलं जातं कुठे?

आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं, त्याच्यावरचं झाकण खाली येतं, स्वरतंतू घट्ट मिटतात आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. मधाचा थेंब खरोखरच स्वरतंतूंवर पडला, तर गाणं राहील बाजूला, ठसका लागून डोळ्यांत पाणी येईल.

मग ज्येष्ठमधाने बरं वाटतं ते खोटं का? नाही. लाळ सुटते, घशाची खवखव कमी होते. पण तो घसा झाला. आवाज तयार होतो त्याच्या खाली, श्वासाच्या वाटेवर. आणि ज्येष्ठमध निरुपद्रवी आहे असंही समजू नका. रोज भरपूर चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ही सवय तुमच्यासाठी नाही.

पाण्याचंही तसंच. प्यायलेलं पाणी रक्तातून फिरून मगच स्वरतंतूंपर्यंत पोचतं. त्यामुळे स्टेजच्या पायरीवर ढोसलेल्या ग्लासापेक्षा सकाळपासून थोडं थोडं प्यायलेलं पाणी कामाला येतं. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथे जाते. साध्या पाण्याची वाफ पुरे, त्यात बाम घालू नका.

स्वरतंतूंवर काय बेतत असतं?

पुरुषांचे स्वरतंतू साधारण दोन सेंटीमीटर लांब, स्त्रियांचे त्याहून लहान. बोलताना ते एकमेकांवर आपटतात, पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांत दोनशेच्या आसपास. काळी चारमध्ये गाणारी बाई तार षड्जाला पोचते, तेव्हा हा आकडा चारशेच्या वर जातो. उंच स्वरासाठी तंतू ताणून पातळ व्हावे लागतात. मोठ्या आवाजासाठी खालून हवेचा दाब वाढतो आणि टक्कर जोराची होते. म्हणजे न तापलेल्या गळ्याने उंच आणि जोरात सुरुवात करणं, हे दोन्ही भार एकदम टाकणं झालं. सकाळी उठल्या उठल्या कोणी शंभर मीटर धावायला सुटत नाही. गळ्याने मात्र आपण नेमकं तेच करतो.

आपल्या जुन्या गवयांना हे पुस्तक न वाचता कळलेलं होतं. पहाटेचा खर्जाचा रियाज कशासाठी असतो? विलंबित ख्याल मंद्र आणि मध्य सप्तकातून सावकाश वर का चढतो? त्या बढतीतच गळा तापत जातो. कराओकेमध्ये ही सोय नाही. ट्रॅक सुरू झाला, की मिनिटाभरात अंतरा तार सप्तकात. त्यात पट्टी मूळ गायकाची. रफीसाहेबांची पट्टी तुमची असलीच पाहिजे असं नाही. ट्रॅकची पट्टी खाली आणता येते. त्यात कसला आलाय कमीपणा?

माझीही एक चूक

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी स्वतःचं सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका भजनी मंडळाचे मुख्य गायक माझ्याकडे आले. आवाज बसलेला, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, आवाज मोकळा झाला, ते खूश, मीही खूश. कार्यक्रमात उत्तरार्धात एका वरच्या स्वरावर त्यांचा आवाज एकाएकी गेला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं, तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला. कित्येक दिवस पूर्ण मौन पाळावं लागलं. पुढे बोलणं सुधारलं, पण वरचा स्वर पूर्वीसारखा कधी लागला नाही.

गोळीने सूज उतरते, पण दुखावलेला तंतू एका रात्रीत बरा होत नाही. उलट "आता ठीक आहे" असं वाटून माणूस पूर्ण ताकदीने गातो. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, "उद्या गाऊ नका." ते म्हटलं नाही. आता स्वरतंतू तपासल्याशिवाय मी कोणालाही गाण्यासाठी स्टिरॉइड देत नाही. तुमच्या डॉक्टरांकडेही मागू नका.

"आम्ही काय, हौशी!"

हे मी सर्वांत जास्त ऐकतो. अहो, हौशी म्हणूनच तुम्हाला तयारीची गरज जास्त! व्यावसायिक गायकाचा गळा रोज रियाजात असतो. तुम्ही आठवडाभर ऑफिस करणार, रविवारी एकदम सहा गाणी म्हणणार. "अमुक मोठे गायक कुठे वॉर्मअप करताना दिसतात?" हाही एक युक्तिवाद असतो. सकाळी त्यांच्या घरी गेलात किंवा पडद्यामागे तानपुरे जुळताना उभे राहिलात, तर दिसेल.

आणि आयोजकांनो, सत्काराला अर्धा तास असतो, नारळ-शाल असते. गायकाला दहा मिनिटं शांत खोली का नसते? स्पीकरच्या भिंतीशेजारी उभं करून गप्पा मारायला लावता, तिथेच त्यांचा निम्मा आवाज खर्च होतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो.

दहा मिनिटांत काय करायचं?

1. पहिली दोन मिनिटं ओठ मिटून 'म्' म्हणा, सोयीच्या स्वरात, हलक्या आवाजात. थरथर ओठांत आणि नाकाजवळ जाणवावी, घशात ताण नको.

2. पुढची तीन मिनिटं घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवत आवाज खालून वर आणि वरून खाली मींडेसारखा न्या. जमत नसेल तर तोंडात स्ट्रॉ धरून त्यातून 'ऊ' म्हणा. तोंड अर्धवट मिटलेलं असलं, की वरून हवेचा उलटा दाब मिळतो आणि तंतू एकमेकांवर अलगद टेकतात. कमी इजेत जास्त व्यायाम होतो.

3. मग तीन मिनिटं आकारात सा ते प, सावकाश. जमेल तसा एकेक स्वर वर जा. आवाज बोलण्याइतकाच ठेवा.

4. शेवटची दोन मिनिटं गाण्याचा मुखडा अर्ध्या आवाजात, आणि सगळ्यात शेवटी अंतरा.

याहून फार लांबवू नका, कार्यक्रमाआधीच गळा थकेल. गाणं संपल्यावर दोन मिनिटं खालच्या स्वरात गुणगुणून थांबा. सारखं खाकरू नका, त्यानेही तंतू आपटतात. त्याऐवजी घोटभर पाणी प्या.

एवढं केलं की स्वरतंतूंवर गाठी येणारच नाहीत, असा दावा मी करत नाही. रोज ओरडून गाणाऱ्याला कुठलाही वॉर्मअप वाचवणार नाही. पण गाताना जोर कमी लावावा लागतो, हे पहिल्याच दिवशी तुमचं तुम्हाला कळेल.

कधी गायचंच नाही?

आवाज बसलेला असेल, तर तयारी करून तो रेटू नका, कार्यक्रम सोडा. कुजबुजणं म्हणजे विश्रांती असं अनेकांना वाटतं. जोर लावून कुजबुजल्याने घशावर ताणच येतो. कमी बोला, नाहीतर गप्प बसा. कार्यक्रमाच्या दिवशी डोकं दुखलं म्हणून अॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी चालू असेल तर मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

गाताना आवाज अचानक गेला, तर त्याच क्षणी थांबा आणि लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, तरी दुर्बिणीने तपासणी करून घ्याच. तंबाखू, मिश्री, बिडी-सिगारेटची सवय असेल, तर "गाण्याने बसलाय" असं स्वतःला समजावत बसू नका. स्वरयंत्राच्या कॅन्सरची सुरुवातही घोगऱ्या आवाजानेच होऊ शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

तेव्हा या वर्षी 'स्ट्राँग' गोळी मागायला येण्याआधी पंधरा दिवस रोज दहा मिनिटं गुणगुणून बघा. एक रुपया लागत नाही. आणि तरीही आवाज लागला नाही, तर जरूर या. मग मी प्रिस्क्रिप्शनचा कागद बाजूला ठेवून आधी तुमचे स्वरतंतू तपासून घ्यायला पाठवीन.