रुंदी कायदा मोजतो, धार कोण मोजणार?

१/ हरणाच्या शिकारीचा बाण पाहताना नजर प्रथम पात्याच्या रुंदीवर जाते. रुंद पाते भयंकर दिसते, म्हणून तेच प्रभावी असावे, असा समज होतो. अमेरिकेतील धनुर्धर शिकारीचा गेल्या शतकभराचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. पाते किती रुंद, यापेक्षा ते किती धारदार, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले गेले.

२/ आधी बाणाचे कार्य समजून घ्यावे लागेल. बंदुकीच्या गोळीचा वेग प्रचंड असतो, तिच्या आघाताने ऊती व हाडे उद्ध्वस्त होतात. बाणाकडे ती शक्ती नसते. तो कापतो आणि रक्तस्रावाने प्राण घेतो. फुप्फुसे, हृदय व मोठ्या रक्तवाहिन्या छेदल्या गेल्या तर हरीण थोड्याच अंतरावर कोसळते. नाहीतर जखम घेऊन ते रानात नाहीसे होते.

३/ रुंद पात्याचा उगम याच गरजेत आहे. मध्ययुगीन युरोपात चिलखत भेदण्यासाठी अरुंद, सुईसारखी टोके वापरली जात, तर शिकारीसाठी रुंद, मागे काटे वळलेली पाती. काट्यांमुळे बाण जखमेतून गळून पडत नसे. आज अमेरिकेतील न्यूयॉर्कसारख्या राज्यात हरणाच्या शिकारीसाठी काटेरी पाती निषिद्ध आहेत. शस्त्र कसे असावे, हे ठरवताना प्राण्याच्या यातनेचा विचार हळूहळू शिरला, त्याची ही खूण.

४/ या कथेतील मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे इशी. सोन्याच्या शोधात आलेल्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत कॅलिफोर्नियातील याही लोक जवळजवळ नामशेष झाले. त्यांच्यापैकी उरलेला हा एकटा माणूस ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ सापडला. ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’. स्वतःचे खरे नाव त्याने कोणालाही सांगितले नाही.

५/ सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना त्याची सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाशी मैत्री झाली. पोप यांनी त्याच्याकडून धनुष्यबाण घडवण्याची व शिकारीची विद्या घेतली. इशी ज्वालामुखीय काचेपासून, तसेच बाटल्यांच्या काचेपासून बाणाग्रे घडवी. काचेच्या कडेवर टोकदार हत्याराने दाब देऊन एकेक कपची उडवायची, ही त्याची पद्धत.

६/ पोप यांनी पुढे दगडी व पोलादी टोकांची तुलना केली. लक्ष्य होते हरणाच्या कातड्याने मढवलेली आणि आत गुरांचे यकृत भरलेली चौकट. त्यात ज्वालामुखीय काचेचे टोक पोलादी टोकापेक्षा अधिक खोल गेले. ‘आदिम’ म्हणून हिणवलेल्या तंत्राने यंत्रयुगाच्या धातूला मागे टाकले, ते आकाराच्या नव्हे, धारेच्या बळावर. या प्रयोगाचे श्रेय बहुधा पोप यांच्या खात्यावर जमा होते. त्यामागची विद्या इशीच्या लोकांची होती, हे विसरता कामा नये.

७/ इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप यांनी १९२३ मध्ये धनुष्यबाणाने करायच्या शिकारीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातून अमेरिकेत या छंदाची लाट आली. पोप यांची स्वतःची पाती पोलादी होती, सुमारे तीन इंच लांब व सव्वा इंच रुंद. अनुयायांना त्यांतील भव्यता भावली, पण धारेचा धडा तितक्या उत्साहाने कोणी गिरवला नाही.

८/ रुंदीला किंमत मोजावी लागते. पाते जितके रुंद, तितका शरीरात शिरताना विरोध अधिक, म्हणून धनुष्य ताकदवान आणि बाण वजनदार हवा. शिवाय रुंद पाते हवेत पंखासारखे वागते आणि बाण भरकटवते, त्यामुळे मागे मोठी पिसे लावावी लागतात. म्हणूनच विख्यात धनुर्धर हॉवर्ड हिल पात्याची लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवण्याचा आग्रह धरत. निमुळते पाते कमी बळात खोल जाते.

९/ फ्रेड बेअर यांनी १९५६ मध्ये वेगळा मार्ग काढला. त्यांच्या पात्यात मुख्य दोन धारांना आडवे असे एक पातळ, बदलता येणारे पाते बसवलेले होते. म्हणजे छेद वाढवायचा, पण प्रत्येक वेळी ताजी धारही मिळवायची. या रचनेला त्यांनी दिलेल्या नावात ‘वस्तरा’ हा शब्द होता, हे सूचक आहे.

१०/ मग कायदा आला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये केवळ धनुर्धरांसाठी हरणाच्या शिकारीचा हंगाम जाहीर केला. पुढे अनेक राज्यांनी पात्याची किमान रुंदी सात अष्टमांश इंच ठरवली. कॅलिफोर्नियाचा नियम तर फार सुटसुटीत आहे: एवढ्या व्यासाच्या छिद्रातून पाते आरपार जाता कामा नये.

११/ येथेच मतभेदाचा मुद्दा आहे. छिद्र पाडलेली पट्टी रुंदी मोजते. धार तशी मोजता येत नाही. काही राज्यांच्या नियमांत ‘धारदार’ हा शब्द येतो, पण ती धार तपासणारी तितकी सोपी पट्टी नाही. परिणामी जे मोजता येते तेच महत्त्वाचे वाटू लागले आणि बाजारानेही रुंदीचीच जाहिरात केली.

१२/ रुंद पात्याच्या बाजूनेही युक्तिवाद आहे: नेम थोडा चुकला, तरी रुंद पाते ती चूक पोटात घालते. यात तथ्य आहे, पण अर्धेच. रक्तवाहिनी लवचीक असते. बोथट कड तिला बाजूला सारते, धारदार कड छेदते. फाटलेल्या जखमेत रक्त लवकर गोठते, स्वच्छ कापलेल्या जखमेतून ते वाहत राहते. बोथट रुंद पाते चूक झाकत नाही, ते वेदना वाढवते.

१३/ धार लावणे हे संयमाचे काम आहे. प्रथम कानशीने दोन्ही बाजूंना एकच कोन साधायचा. घासता घासता विरुद्ध बाजूला धातूची बारीक कड वळते, ती बोटाला जाणवते. मग निसण्यावर, म्हणजे धार लावण्याच्या दगडावर, हलक्या हाताने ती कड काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवायचे. परीक्षेसाठी ताणलेला रबर पुरतो: पाते टेकताच तो तुटला पाहिजे.

१४/ हे एकदा करून भागत नाही. भात्यात बाण एकमेकांवर आपटले, पात्यावर दव पडून गंज चढला, की धार जाते. म्हणून पाती सुटी व झाकलेली ठेवावी लागतात, तेल लावावे लागते, शिकारीच्या दिवशी पुन्हा तपासावी लागतात. येथे शिकाऱ्यावर देखरेख करणारा कोणी नसतो. म्हणून धारेचा प्रश्न कौशल्याइतकाच नीतीचाही ठरतो.

१५/ मराठी वाचकाला ही जाण परकी नसावी. संस्कृतात वस्तऱ्यासारख्या धारेच्या बाणाला ‘क्षुरप्र’ म्हणत. याच शब्दातून शेतातले ‘खुरपे’ आले. त्या बाणाचे नाव आकारावरून पडले नाही, धारेवरून पडले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा ठरवला आहे आणि ते योग्यच आहे. हा इतिहास अनुकरणासाठी नाही.

१६/ तो वाचायचा तो शस्त्रांकडे पाहण्याची दृष्टी घडवण्यासाठी. संग्रहालयातील फलक लांबी, रुंदी आणि वजन सांगतो. धार गंजून गेलेली असते, तिच्याबरोबर ती राखणाऱ्या हातांची मेहनतही अदृश्य होते. पुढच्या वेळी काचेआड एखादे रुंद बाणाग्र दिसले, तर त्याच्या आकारावर थांबू नये. त्याची धार कोण लावत असे, किती वेळा आणि ती गेली तर त्याची किंमत कोण मोजत असे, हे विचारावे.