जीप कोठवर न्यावी?

नाताळची सुटी जवळ आली की आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून कच्छच्या सहलीचे बेत शिजू लागतात. तरुण मंडळी चारही चाकांना जोर असलेली जीप भाड्याने ठरवितात, आणि धोलावीरा पाहून येतात. याचे आम्हांस कौतुकच वाटते. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी वसलेले नगर आपल्याच राज्यात असावे आणि आपण ते केवळ मुलांच्या पाठ्यपुस्तकात पाहावे, हे काही भूषणावह नव्हते.

हे नगर खडीर बेटावर आहे. पावसाळ्यात बेटाभोवती पाणी, एरवी मीठ. १९६० नंतरच्या दशकात जगतपति जोशी यांनी हे स्थळ उजेडात आणले, १९९० पासून रवींद्रसिंह बिश्त यांनी तेथे उत्खनन केले आणि २०२१ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली. खावड्याकडून रण कापीत येणारी सुमारे ३० किलोमीटरची सडक झाल्यापासून भुजकडून येणाऱ्यांचा मोठा वळसाही वाचला. म्हणजे आता साध्या मोटारीनेही तेथे सुखाने पोहोचता येते. मग जीपचा जोर दाखवावा कोठे? आमची तक्रार येथूनच सुरू होते.

सडकेच्या दोन्ही अंगांस पांढरेशुभ्र मैदान पाहून कोणाही चालकाचे हात शिवशिवतात. परंतु ते मैदान नव्हे. चिखलावर धरलेली ती मिठाची साय आहे. जड गाडी खाली उतरली की पापुद्रा फुटतो, चाके रुततात, आणि चारही चाके जोराने फिरविली तर गाडी अधिकच खोल जाते. कशीबशी ती निघालीच, तरी तिचे चरे मागे राहतात. शिवाय हा अभयारण्याचा मुलूख आहे, हे सहलीच्या उत्साहात कोणाच्या ध्यानीही नसते.

एवढ्या धडपडीनंतर प्रत्यक्ष नगरासाठी उरतो जेमतेम एक तास! बालेकिल्ल्यावर छायाचित्र काढावयाचे, एखादे खापर खिशात घालावयाचे, आणि पुन्हा गाडीत. जागेवरून उचललेले खापर मुके होते; ते कोणत्या थरातले, कोणाच्या घरातले, हे मग कोणीच सांगू शकत नाही.

धोलावीऱ्यात पाहावयाचे ते पाणी. मानसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे. त्यांचे पाणी अडवून, वळवून त्या लोकांनी तटाच्या आत हौदांची रांगच उभी केली. पूर्वेकडील हौद सुमारे ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद आहे. तळाशी उतरावयास दगडी पायऱ्या आहेत. सयाजीराव महाराजांनी बांधविलेल्या आजव्याच्या तलावाचे पाणी पिऊन वाढलेल्या आपल्या शहराला तरी या खटाटोपाचे मोल निराळे सांगावयास नको.

तेव्हा गाडी फाटकाबाहेर उभी करावी, शक्य तर गावात रात्रीचा मुक्काम करावा आणि सकाळच्या उन्हात सारा परिसर पायी पाहावा. आजी-आजोबा चालू शकत असतील तर त्यांनाही अवश्य न्यावे. त्यांनी आड आणि वाव यांवरून पाणी भरलेले असते. त्या पायऱ्या कशासाठी, हे नातवंडांना तेच समजावून सांगतील.