‘कॉपी झाली’ म्हणजे फाइल पोहोचली असं नाही! लिनक्सवर पेनड्राइव्ह काढताना एवढं लक्षात ठेवा

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. लॅबमधल्या उबुंटूच्या पीसीवरून प्रोजेक्ट रिपोर्ट पेनड्राइव्हवर टाकला. बार भरला, पेनड्राइव्ह खेचला आणि थेट झेरॉक्सचं दुकान गाठलं. तिथे फाइलचं नाव दिसत होतं, साइझ मात्र शून्य! सबमिशनला तासभर उरला होता. तेव्हा शिव्या पेनड्राइव्हला घातल्या. चूक त्याची नव्हती.

नेमकं काय होतं?

पेनड्राइव्हपेक्षा रॅम कितीतरी वेगवान. म्हणून लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून पेनड्राइव्हवर उतरवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये डेटा साधारण ३० सेकंद रॅममध्येच थांबू शकतो. फाइल मोठी आणि पेनड्राइव्ह स्लो असेल तर काही मिनिटंही जातात. त्याआधी काढला की फाइल अर्धवट. त्यात बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात. त्यांत जर्नलिंग नसतं, त्यामुळे कधीकधी बाकीच्या फाइल्सही गोत्यात येतात.

विंडोजवर तर चालतं की!

विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०९ या व्हर्जनपासून ‘क्विक रिमूव्हल’ हीच मूळ सेटिंग आहे. ती सवय घेऊन आपण लिनक्सवर येतो आणि फसतो.

मग काय करायचं?

• फाइल मॅनेजरमध्ये पेनड्राइव्हच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा. आता काढता येईल, असा मेसेज येईपर्यंत थांबा.
• टर्मिनल वापरत असाल तर ‘यूमाउंट’ कमांड द्या. स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही! उरलेला डेटा लिहूनच ती संपते, म्हणून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत हात लावू नका.
• ‘टार्गेट इज बिझी’ आलं? पेनड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी असेल किंवा टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये असेल. ते बंद करा, पुन्हा प्रयत्न करा. जबरदस्ती नको.
• एक्सटर्नल हार्ड डिस्क असेल तर आतली चकती फिरायची थांबू द्या, मग केबल काढा.

दोष फक्त आपल्या घाईचा?

मला तसं वाटत नाही. कॅशिंग बंद करा, असं माझं म्हणणं नाही. ‘सिंक’ पर्याय लावून थेट लिहिता येतं, पण वेग मार खातो आणि सतत लिहिल्याने पेनड्राइव्हचं आयुष्यही घटू शकतं. माझी तक्रार त्या बारबद्दल आहे. डेटा रॅममध्ये असताना तो ‘झालं’ म्हणत असेल, तर ती वापरणाऱ्याची दिशाभूल आहे. ग्नोमसारखे डेस्कटॉप ‘डेटा लिहिला जातोय, काढू नका’ असं सांगतात, पण इजेक्ट दाबल्यावर! ज्याला धोका माहीत आहे, त्यालाच सूचना मिळते. नवख्याला कोण सांगणार? पेनड्राइव्हवर खरंच जेवढं उतरलं, तेवढाच बार भरायला हवा.

तोवर इजेक्ट दाबून थोडं थांबा. माझं सबमिशन लॅबमध्ये परत धावत जाऊन कसंबसं वाचलं. लॅबला कुलूप असतं तर?