सिरोंच्याच्या यतीम मुलाला गडचिरोली किती दूर?

बाप गेल्यावर मूल चाचाकडे नाहीतर नानीकडे वाढतं, ही आपल्या घरांतली जुनी रीत. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते, आधी दादांनी, मग चाचा अबू तालिब यांनी त्यांना सांभाळलं. त्यामुळे मूल ठेवून घ्यायला आपल्यात सहसा कुणी नाही म्हणत नाही. अडतं ते फी, वह्या आणि दवाखान्याच्या खर्चापाशी.

त्यासाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिची रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये झाली. दर मुलामागे, दरमहा, वयाच्या 18 वर्षांपर्यंत. आईबाप दोघंही गेलेले असले पाहिजेत असं नाही, एकच पालक उरलेलं मूलही यात बसतं. जातीधर्माची अट नाही. आणि हे दत्तक नव्हे. मुलाचं नाव, वल्दियत, वारसा काहीच बदलत नाही. शरीअतमध्ये चालेल का, या शंकेने कुणी मागे राहू नये म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नियम सगळ्यांना सारखा, मग तक्रार कसली?

मंजुरी देते बाल कल्याण समिती, आणि ती बसते गडचिरोलीला. सिरोंच्याहून ते अंतर सुमारे दोनशे किलोमीटर, आणि आलापल्लीचा रस्ता कसा आहे ते तिथल्या माणसाला विचारा! गडचिरोली शहरातल्या विधवेचं काम अर्ध्या दिवसात होतं, सिरोंच्याच्या विधवेचे दोन दिवस जातात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे खरं, पण बुडालेली रोजी काही अर्धी होत नाही. एखादा कागद कमी पडला की पुन्हा पहिल्यापासून. इकडचे लोक उपचारासाठी प्राणहिता ओलांडून तेलंगणात जातात. माणूस तिकडे वारला तर मृत्यूचा दाखलाही तिकडचाच. घरात दखनी, बाजारात तेलुगू आणि अर्ज मराठीत. भामरागडच्या माडिया आईची अडचण तर आपल्याहून मोठी आहे. तिला वगळून आपण फक्त आपल्या मुलांचं मागितलं, तर ती मागणी न्यायाची राहत नाही.

बाल न्याय कायदा, 2015 नुसार निराधार सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे न्यावं लागतं. म्हणजे अंतर असतं हे कायद्याला कळतं. एका जिल्ह्यात एकापेक्षा जास्त समित्या नेमायलाही हाच कायदा परवानगी देतो. मग दक्षिण भागासाठी अहेरीला दुसरी समिती का नको? ते होईपर्यंत निदान महिन्यातून एक बैठक सिरोंच्यात घ्या.

दुसरी मागणी आकड्यांची. सच्चर समितीने 2006 मध्ये आणि महाराष्ट्रात महमूदुर रहमान समितीने 2013 मध्ये समाजनिहाय हिशोब मांडला, तेव्हा कुठे मागासलेपणावर पुराव्यानिशी बोलता आलं. या योजनेचे लाभार्थीही तालुकानिहाय आणि समाजनिहाय जाहीर झाले पाहिजेत.

तोवर मस्जिद कमिट्यांनी एक काम हाती घ्यावं. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या यतीम मुलांची यादी करावी, दाखले, पासबुक, शाळेचं बोनाफाईड तपासून सगळे अर्ज एकदमच पाठवावेत. वीस घरांनी वीस खेपा घालण्यापेक्षा दोन जाणत्या माणसांनी एक खेप घातलेली बरी. आणि यादी करताना शेजारच्या गोंड, माडिया घरांनाही विचारावं.